कृष्णधवल प्रिंट: बाजी निगेटिव्हवर मारायची की डार्करूममध्ये?

निमकाळा:
फिल्मकडे नव्याने वळलेल्यांची तक्रार ठरलेली: प्रिंट मळकट येतो, काळा धड काळा नाही की पांढरा धड पांढरा नाही. मग कोणी पेपर बदलतो, कोणी एन्लार्जरची (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राची) लेन्स. माझ्या मते दोष बहुतेक वेळा निगेटिव्हमध्येच असतो. ४०० स्पीडची फिल्म मीटरवर २०० ला धरून बघा, म्हणजे तिला दुप्पट उजेड मिळतो. सावलीतला तपशील फिल्मवर उतरलाच नाही, तर जगातला कुठलाही पेपर तो आणून देणार नाही. दुसरं, तापमान. डेव्हलपरचे तक्ते सहसा २० अंशांचे असतात, आणि मे महिन्यात विदर्भात नळाचं पाणी तिशीपार. त्या पाण्यात तक्त्यातलाच वेळ दिला की निगेटिव्हवर आभाळ ठार काळं आणि प्रिंटवर पांढरंफटक. बाटली बर्फाच्या बादलीत बुडवून ठेवायला काय जातं? मल्टिग्रेड पेपरचे, प्रिंटचा कॉन्ट्रास्ट बदलणारे फिल्टर म्हणजे कुबड्या. पाय धड असतील तर लागत नाहीत.

लालदिवा:
साफ असहमत. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय घ्या. १९४१ सालचा फोटो, एकच एक्स्पोजर, दुसरं घेण्याआत गावच्या कबरस्तानातल्या क्रूसांवरचा उजेड गेला. पुढची जमीन निगेटिव्हवर इतकी अशक्त की १९४८ मध्ये तेवढ्याच भागाला रसायन लावून घनता वाढवावी लागली. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळात फिकट ढग दिसतात, नंतरच्यांत आभाळ जवळजवळ काळं. निगेटिव्ह तीच. फोटो घडला तो एन्लार्जरखाली, हाताने उजेड अडवून आणि वाढवून.

निमकाळा:
अहो, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं! मीटर सापडेना, पण चंद्राची उजळता किती असते हे त्या माणसाला पाठ होतं. त्यावरून एक्स्पोजर काढलं, म्हणून चंद्रात तपशील राहिला. आपण मीटर हातात असून चुकतो.

लालदिवा:
चंद्र राहिला हो, जमिनीचं काय? ती डार्करूमनेच वाचवली.

रेवा_प्रिंट:
दोघांचं भांडण चालू द्या, पण मळकट प्रिंटाचं एक साधं कारण कोणीच बोललं नाही. फायबर पेपर (प्लास्टिकचा थर नसलेला) वाळला की काळवंडतो. ट्रेमध्ये ओला असताना उजळ भाग झकास दिसतात, सकाळी दोरीवरून काढला की राखाडी. टेस्ट स्ट्रिप (उजेडाचा वेळ ठरवायला आधी छापलेली कागदाची पट्टी) हेअर ड्रायरने वाळवून मगच वेळ ठरवा, अंदाजे एक दशांश कमी निघतो. आणि प्रिंट लाल दिव्यात जोखू नका. त्या उजेडात सगळंच गडद वाटतं, म्हणून लोक घाईने डेव्हलपरमधून उचलतात आणि काळा कच्चा राहतो.

फिल्टरला कुबड्या म्हणणं मात्र पटलं नाही. आधी ००च्या (सर्वांत मऊ) फिल्टरने उजळ भाग बसवायचे, मग ५च्या (सर्वांत कडक) फिल्टरने त्याच कागदावर काळा भरायचा. चांगल्या निगेटिव्हवरही मी हेच करते. पाय धड असले तरी चप्पल घालतोच की!

पिक्सेलराव:
इतकी यातायात कशाला? निगेटिव्ह नीट स्कॅन करा, पडद्यावर हवं तिथे उजळ-गडद करा, बरायटा (फायबर पेपरसारख्या) कागदावर पिगमेंट शाईने छापा. दहावी प्रत पहिलीसारखीच येते. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू पेपर तरी मिळायचा. आता परदेशी पाकीट मागवायचं आणि त्याच्या पट्ट्या कापताना जीव खालीवर. म्हणूनच लोक टेस्ट स्ट्रिप टाळतात आणि अख्खं पान वाया घालवतात.

लालदिवा:
राव, मग फिल्म तरी कशाला? सरळ डिजिटल काढा.

पिक्सेलराव:
फिल्मचा ग्रेन (दाणेदारपणा) आवडतो म्हणून. अंधाऱ्या बाथरूममध्ये हायपोच्या (प्रतिमा पक्की करणाऱ्या रसायनाच्या) वासात उभं राहणं आवडत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला कोणाची परवानगी लागते?

निमकाळा:
पिक्सेलरावांशी एवढ्यापुरता सहमत की पडद्यावर आधी ठरवलं तर कागद वाचतो. पण पातळ (कमी उजेड मिळालेली) निगेटिव्ह स्कॅन करून सावल्या ओढून बघा, नुसता खरखरीत राखाडी हाती लागतो. तिथेही माझं २०० चं म्हणणं उभंच.

रेवा_प्रिंट:
२०० ला धरलंत तर डेव्हलपिंगचा वेळही थोडा कमी करा, हे सांगायचं राहिलं तुमचं. नाहीतर नवी मंडळी घट्ट (फार गडद) निगेटिव्ह घेऊन येतील आणि एन्लार्जरखाली मिनिटभर ताटकळत बसतील.