'मोअर दॅन वर्ड्स' गुळमुळीत का वाजतंय?

रामबागची_मावशी
मंडळी, यंदा आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात भाचा गिटारवर 'मोअर दॅन वर्ड्स' म्हणणार आहे. कॉर्ड बरोबर, गळाही गोड, पण ऐकताना गुळमुळीत वाटतं. मूळ गाण्यात एक ठोका आहे, तो ह्याच्याकडे नाही. ड्रम तर तिथेही नाहीत! काल त्याने त्याच बँडचं दुसरं काहीतरी लावलं, तर सासूबाई देवघरातून विचारतात, मिक्सर बिघडला का? ही दोन्ही गाणी एकाच लोकांची कशी?

जुनी_कॅसेट
ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. एकाच लोकांची आहेत. बोस्टनचा एक्स्ट्रीम, १९९० चा अल्बम 'पोर्नोग्राफिटी'. नाव वाचूनच आमच्या बाबांनी कॅसेट कपाटात टाकली. आत पैशाला आणि चंगळीला सोकावलेल्या समाजाची टिंगल आहे, एवढं ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत.

आधी त्यांनी 'डिकेडन्स डान्स' आणि 'गेट द फंक आउट' ही दणकेबाज गाणी पुढे केली. अमेरिकेत त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. मग 'मोअर दॅन वर्ड्स' आलं आणि जून १९९१ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० ह्या तिथल्या गाण्यांच्या क्रमवारीत पहिलं. मागोमाग बारा तारांच्या गिटारवरचं 'होल हार्टेड' चौथ्या नंबरपर्यंत गेलं. हळुवार गाण्यासाठी कॅसेट घेणाऱ्यांची काय तारांबळ उडाली असेल बघा, कारण अल्बममध्ये हे गाणं 'गेट द फंक आउट'च्या लगेच नंतर येतं.

आता भाच्याचं. व्हिडिओत ड्रमर आणि बेसवाला नुसते बसलेत, कारण त्यांचं काम बँडचा गिटारवाला नुनो बेटनकोर्ट ह्याचा उजवा हात करतोय. अंगठा आणि बोटांनी तारा एकदम ओढायच्या, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला तोच हात तारांवर टाकायचा. टक्! सूर तिथेच तुटला पाहिजे. भाचा बहुधा तारा वाजू देतोय, म्हणून सगळं एकात एक मिसळतं. त्याला म्हणावं, आठवडाभर डावा हात विसर, नुसता टक् बसव. गिटार सगळी अर्धा स्वर खाली लावायची. मूळ तशीच आहे, आणि गळ्यालाही सोपं जातं.

छप्पनवाला
काकांशी सहमत, पण मला विचाराल तर 'होल हार्टेड' जास्त भारी. मोअर दॅन वर्ड्स लग्नाच्या रिसेप्शनांत वाजवून वाजवून पार चोथा केलाय लोकांनी.

जुनी_कॅसेट
भिया, चोथा लोकांनी केला, गाण्याने नाही. १९९२ मध्ये लंडनच्या वेम्बलीला, क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात बघ, नुनो आणि बँडचा गायक गॅरी शेरोन, दोघंच, एक गिटार, समोर भरलेलं स्टेडियम. ड्रमची आठवणही होत नाही.

रामबागची_मावशी
काका, टक् सांगितला. आधी तोंड वाकडं केलं, मग तासभर खोलीतून टक्-टक्. फरक पडलाय हो! पण आता म्हणतो, वरचा सूर कोण लावणार?

जुनी_कॅसेट
बरोबर बोलतोय पोरगा. गॅरी शेरोन मुख्य गातो, नुनो वाजवता वाजवता वरची पट्टी सांभाळतो. एकट्याने म्हटलं तर अर्धं गाणं घरीच राहतं. घरात कुणी गाणारी मुलगी असेल तर तिला उभी करा, आणि माइक दोन मागून ठेवा. मंडळाकडे ऐनवेळी एकच निघतो.