विहिरीतला काळा पाषाण विषुववृत्ताच्या खाली तयार झालाय का?

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार. यंदा उन्हाळ्यात विहीर आणखी १५ फूट खाली नेली. वरनं काळी माती, मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण. ४१ फुटांवर वीतभर तांबडा पट्टा लागला, बोट लावलं की गेरूसारखा रंग उतरतो. त्याखाली परत काळा दगड, पण भोकाभोकांचा, आणि भोकांत सुईसारखे पांढरे स्फटिक. वडील त्या पट्ट्याला 'भाजलेली माती' म्हणायचे. नववीतली लेक म्हणते, "पप्पा, हा दगड झाला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली होता." मग आपली जमीन मुळात इथली, की दगड तिकडनं आला? आणि ती माती भाजली कशानं?

बोअरवाला_विटा:
२० वर्षं बोअरच्या गाडीवर आहे. खानापूर, आटपाडीकडं हा गेरू एकेका बोअरला दोन-तीनदा लागतो. तिथं भोक ढासळतं, म्हणून केसिंग घालायला लागतं. कारण जाणकारांनी सांगावं.

भूगोल_पाटण:
लेकीला शाबासकी द्या, तिचं बरोबर आहे. मी पाटण तालुक्यात ३१ वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

दगड एकटा आला नाही. अख्खी जमीन त्याला पाठीवर घेऊन आली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत हे एक बेटच होतं. गोंडवन नावाच्या दक्षिणेकडच्या महाखंडातून ते सुटलेलं, मादागास्करही मागं पडलेलं. (गोंडवन हे नाव आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलंय, हे मी दर वर्षी वर्गात सांगायचो.) आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे, तिथं पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येते. त्या जागेवरून जाताना आपली जमीन फाटली आणि लाव्हा पसरला. रियुनियन विषुववृत्ताच्या २१ अंश दक्षिणेला, तासगाव १७ अंश उत्तरेला. म्हणजे तुमची विहीर ४ हजार किलोमीटरहून जास्त चालून आली आहे. थिजताना दगडातल्या लोहखनिजानं त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा आणि कल धरून ठेवला. तो मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं.

वडिलांचं निरीक्षण तर फार मोलाचं. लाव्हा एकदम आला नाही. एक थर थिजला, ऊन-पावसानं झिजून त्यावर माती झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली भाजली. तुमचा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांमधली विश्रांती. भोकं वायूच्या बुडबुड्यांची, आणि त्यांत नंतर पाण्यानं आणून बसवलेले ते स्फटिक बहुधा झिओलाइट असावेत.

द्राक्षबाग_तासगाव:
सर, मग लाव्ह्याच्या खाली काय? आणि खंड वितळलेल्या रसावर तरंगतात का?

भूगोल_पाटण:
हा गैरसमज वर्गात दर वर्षी निघायचा. खालचं प्रावरण रस नाही, घट्ट खडकच आहे. पण तो इतका तापलेला आहे की लाखो वर्षांत हळूहळू सरकतो. खंड ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचे, म्हणून वर राहतात. समुद्रतळ जड, तो परत खाली बुडतो. १९१२ साली वेगेनरनं खंड सरकतात असं मांडलं, पण ते कशानं सरकतात हे त्याला सांगता आलं नाही, म्हणून बहुतेकांनी मानलं नाही. समुद्रतळ मधोमध फाटून नवा होतो हे १९६० च्या दशकात उलगडलं, तेव्हा पटलं.

लाव्ह्याखाली काय, ते आमच्या कोयनेतच पाहिलं गेलं. गोठणे गावी ३ किलोमीटर खोल भोक घेतलं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण आणि त्याखाली ग्रॅनाइट. भागातला हा तळखडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. तीच मूळ जमीन.

ते भोक घ्यायचं कारण भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आईनं मला घोंगडीसकट अंगणात ओढलं होतं. मी पहिलीत होतो. धरणाच्या पाण्यानं त्या खडकातल्या जुन्या भेगा सरकल्या, पण त्यांच्यावर ताण आधीपासून होताच. भारत आजही वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडं सरकत हिमालयाला रेटतोय.

द्राक्षबाग_तासगाव:
सर, लेकीला वाचून दाखवलं. विहिरीला दगडी कडं बांधायचं ठरलं होतं. आता तांबड्या पट्ट्यापाशी हातभर जागा उघडी ठेवायला गवंड्याला सांगितलंय.

बोअरवाला_विटा:
भाऊ, उघडा ठेवलात तर वरनं पागोळीचं पाणी येऊ देऊ नका. तो भिजला की सुटतो.