मदत हवी आहे: लॉगिन लागणारे वेबसाइटवरचे व्हिडिओ फोनवरून टीव्हीवर कसे दाखवायचे?

नमस्कार मंडळी,

फोन, टीव्ही आणि वायफाय यातलं ज्यांना नीट कळतं त्यांची मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे काय काय करून झालंय ते लक्षात येईल.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. फिजिओथेरपिस्टने व्यायामाचे अकरा व्हिडिओ दिलेत, पण ते यूट्यूबवर नाहीत. त्यांच्या वेबसाइटवर लॉगिन केलं तरच दिसतात. आई फोन टीपॉयवर ठेवते आणि खुर्चीची पाठ धरून उभ्याने व्यायाम करते. दर हालचालीला खाली वाकून बघते. एका पायावर उभं असताना तिने असं वाकलेलं मला बघवत नाही. समोर भिंतीवर मोठा स्मार्ट टीव्ही आहे. त्यावर व्हिडिओ दिसला की मान सरळ राहील, एवढंच हवंय.

आधी स्क्रीन मिररिंग केलं, म्हणजे फोनची स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर दाखवली. चित्र लगेच आलं, पण अटकत अटकत. व्हिडिओत पाय वर उचलून दहापर्यंत मोजायचं असतं. चित्र पाचला थिजतं, आवाज आठला पोचलेला असतो, आणि मग चित्र एकदम उडी मारतं तेव्हा पाय खाली आलेला दिसतो. आईने पाय नक्की कधी खाली घ्यायचा? मधेच कुणाचा फोन आला तर टीव्हीवरही कॉलच दिसतो, आणि फोनची स्क्रीन बंद झाली की सगळंच थांबतं.

मग कास्ट करायला गेले, म्हणजे पूर्ण स्क्रीन नाही, फक्त व्हिडिओ टीव्हीवर लावायचा. पहिले दोन दिवस फोनमध्ये टीव्हीचं नावच येत नव्हतं. शेवटी लक्षात आलं की टीव्ही राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर होता आणि फोन मुख्य नेटवर्कवर. गेस्टवरच्या उपकरणांना मुख्य नेटवर्कवरचं काही दिसू नये अशीच ती सोय असते. दोन्ही एका नेटवर्कवर आणल्यावर क्रोममध्ये व्हिडिओवर कास्टचं चिन्ह आलं. ते दाबलं की टीव्हीवर व्हिडिओचं नाव येतं, गोल फिरत राहतं आणि अर्ध्या मिनिटाने सगळं बंद. यूट्यूब मात्र तिथेच झकास चालतं, फोन खिशात टाकला तरी. म्हणजे नेट स्लो आहे असं म्हणावं तर तेही नाही.

असं का होतं? आणि मी घरी नसताना आईला एकटीला लावता येईल असं काही आहे का? रिमोट तिला चांगला जमतो, फोनवरची बारीक चिन्हं नाही. फोन अँड्रॉइड आहे, घरात एक लॅपटॉपही आहे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, मिररिंग का अटकतं तेवढं सांगतो. त्यात फोन स्वतःच्या स्क्रीनचा जागच्या जागी व्हिडिओ बनवत असतो आणि सतत टीव्हीकडे पाठवत असतो. तो आधी फोनकडून राउटरकडे जातो आणि मग राउटरकडून टीव्हीकडे, म्हणजे एकच गोष्ट हवेतून दोनदा. त्यात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजारच्या सगळ्या वायफायची गर्दी. फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घ्या आणि टीव्हीला राउटरपासून लॅन केबल ओढा, म्हणजे हवेतला एक टप्पा कमी होईल. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण या कामाला ते भरपूर झालं.

काही फोनमध्ये मिराकास्ट असतं. २०१२ साली आलेली ही पद्धत फोन आणि टीव्ही थेट जोडते, राउटर मधे येतच नाही. मात्र सगळ्या फोनमध्ये ती नसते, गूगलच्या पिक्सेलमध्ये नाही.

प्रतिसाद २

तुमच्या कास्टच्या अडचणीचं मूळ लॉगिनमध्ये असावं. कास्ट करताना फोन व्हिडिओ पाठवतच नाही. तो टीव्हीला फक्त व्हिडिओचा पत्ता देतो, आणि टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून आणतो. म्हणूनच यूट्यूब लावून फोन खिशात टाकता येतो. पण तुम्ही लॉगिन केलंय ते फोनच्या ब्राउझरमध्ये. टीव्ही त्या पत्त्यावर जातो तेव्हा तो वेबसाइटसाठी अनोळखी असतो, आणि ती त्याला दारातूनच परत पाठवते. नाव येऊन गोल फिरत राहतं ते त्यामुळे.

ओटीटीचे व्हिडिओ मिररिंगमध्ये काळे दिसतात ते कॉपी होऊ नये म्हणून. तुमच्याकडे चित्र दिसतंय, त्यामुळे तो प्रश्न इथे नाही.

लॅपटॉपवर क्रोममध्ये ते पान उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांत कास्ट शोधा आणि पूर्ण टॅब कास्ट करा. तिथे पान लॅपटॉपच उघडतो, त्यामुळे लॉगिन आड येत नाही. टीव्हीवर थोडं उशिरा दिसेल, पण आवाज आणि चित्र दोन्ही टीव्हीवरच जातात, त्यामुळे मोजणी जुळायला हवी.

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर आहे, पण आईंना एकटीने लावायचंय हे विसरू नका. रोज लॅपटॉप उघडून टॅब कास्ट करणं त्यांच्यासाठी फोनपेक्षा सोपं नाही. टीव्हीत ब्राउझर आहे का बघा. असला तर तिथेच एकदा लॉगिन करा आणि पान बुकमार्क करून ठेवा. मग फोनही नको आणि कास्टही नको. रिमोटने पासवर्ड टाइप करायला वेळ लागेल, पण ते एकदाच. टीव्हीचा ब्राउझर जुना असला तर व्हिडिओ चालणार नाही. तसं झालं तर लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा. त्यात लॅपटॉपकडून टीव्हीकडे जाताना वायफायचा संबंधच नाही, म्हणून मिररिंगसारखं अटकणंही नाही.

फिजिओथेरपिस्टनाही विचारा. त्यांनी व्हिडिओ डाउनलोड करायची परवानगी दिली तर पेनड्राइव्ह टीव्हीला लावून रिमोटने चालवणं सगळ्यात सोपं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. कास्ट म्हणजे टीव्हीला नुसता पत्ता देणं, हे वाचल्यावर सगळं एकदम उलगडलं. खात्री करायला त्याच वेबसाइटवरचा लॉगिन न लागणारा, ओळख करून देणारा व्हिडिओ कास्ट करून पाहिला. तो पहिल्या फटक्यात लागला!

टॅब कास्टही चाललं आणि मोजणी जुळली. पण आईला लॅपटॉप नकोच आहे, म्हणून टीव्हीचा ब्राउझर उघडला. पासवर्ड चौदा अक्षरांचा. बाणाने एकेक अक्षर शोधत टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर चालतो आणि रिमोटच्या पॉजने थांबतोही. आईला ते फार सोयीचं झालंय, कारण दोन व्यायामांच्या मधे तिला दम खावा लागतो.

टीव्ही बंद करून पुन्हा लावला तरी लॉगिन टिकलंय, आज तिसरा दिवस. सकाळी आईने खुर्ची टीव्हीकडे तोंड करून ठेवली, रिमोट घेतला आणि अकराही व्यायाम मान वर ठेवून केले. मी स्वयंपाकघरात होते, मला फक्त मोजणी ऐकू येत होती. डाउनलोडचं फिजिओथेरपिस्टना पुढच्या भेटीत विचारते, ते काय म्हणतात ते इथेच लिहीन.