घर सोडताना अनामत रक्कम : आपापले अनुभव लिहावेत

धागाकर्ती

गेल्या महिन्यात आम्ही साडेचार वर्षे राहिलेले भाड्याचे घर सोडले आणि अनामत रकमेतून जवळजवळ एक तृतीयांश कापून उरलेली रक्कम हाती आली. त्या वजावटीतला काही भाग रास्त होता, कारण न्हाणीघराच्या दाराची खालची कड आमच्याच निष्काळजीपणामुळे पाण्याने फुगली होती. परंतु बैठकीच्या खोलीतील भिंतीवर एक हातभर ओरखडा होता. तो आम्ही येण्याआधीपासून होता असे आमचे म्हणणे, तर भिंत कोरी करकरीत दिली होती असे घरमालकांचे म्हणणे. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या असे मला आजही वाटते. साडेचार वर्षांपूर्वीची ती भिंत मात्र दोघांपैकी कोणालाही नीट आठवत नव्हती.

पुढच्या आठवड्यात नव्या घराचा ताबा मिळणार आहे. तत्पूर्वी इतरांनी काय केले, काय करायचे राहून गेले आणि कोणत्या बाबीसाठी किती कापले गेले, हे समजून घ्यावे असे वाटले. घरमालकांनीही अवश्य लिहावे. नुसत्या तक्रारीपेक्षा तपशील आला, तर तो सर्वांच्या उपयोगी पडेल.

सहा घरे बदललेला भाडेकरू

माझा पहिला धडा तिसऱ्या घरात मिळाला. तिथे राहायला गेलो त्या दिवशी मी उत्साहाने साठएक छायाचित्रे काढली होती आणि ती फोनमध्ये जपूनही ठेवली होती. घर सोडताना स्वयंपाकघरातील फुटलेल्या फरशीचा विषय निघाला, तेव्हा मी ती विजयी मुद्रेने पुढे केली. घरमालकांनी शांतपणे विचारले, की ही छायाचित्रे आपण केव्हा काढली हे मला कसे कळावे? फोनमधली तारीख बदलता येते आणि संदेशांच्या अॅपवरून पाठवलेले चित्र आकाराने लहान होतेच, शिवाय ते कधी आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढले ही त्याच्या पोटातील नोंदही बहुधा पुसली जाते. माझ्याकडे चित्रे होती, पण ती फक्त मी पाहिलेली होती. फरशीचे पैसे गेले.

चौथ्या घरापासून मी पद्धत बदलली. ताबा घेण्याच्या दिवशी, सामान आत येण्यापूर्वी, घरमालकांसह खोलीवार यादी करतो. प्रत्येक खोलीच्या दारात उभे राहून चारही भिंती, छत आणि जमीन यांची सलग छायाचित्रे घेतो. जिथे खोट दिसेल तिथे मोजपट्टी लावून जवळून आणखी एक घेतो, कारण नुसत्या जवळच्या चित्रावरून तडा बोटभर आहे की वितभर हे कळत नाही. सगळे नळ सोडून पाहतो, फ्लश ओढतो, खिडक्या लावून उघडतो, शेगडीचा प्रत्येक बर्नर पेटवतो, कपाटांचे खण बाहेर ओढतो आणि विजेचे प्रत्येक बटण दाबतो. वीज, पाणी आणि गॅस यांच्या मीटरचे आकडे लिहितो. किल्ल्या मोजतो, त्यांच्या प्रतीसुद्धा. यादीच्या दोन प्रतींवर दोघांच्याही सह्या होतात आणि मूळ आकारातील छायाचित्रे त्याच संध्याकाळी ईमेलने घरमालकांना जातात, म्हणजे तारखेचा प्रश्न उरत नाही.

त्या चौथ्या घरातून निघताना वॉशबेसिनच्या तड्यावरून बोलणे सुरू झाले. मी यादी उघडली. त्यात ‘उजव्या कडेला केसासारखा बारीक तडा’ असे घरमालकांच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते. ते स्वतःशीच हसले आणि आम्ही पुढच्या खोलीत गेलो.

आणखी एक गोष्ट मला उपयोगी पडते. निघण्याच्या दिवशी जुने छायाचित्र फोनवर उघडून त्याच जागी, त्याच कोनातून नवे काढतो. दोन चित्रे शेजारी ठेवली की बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

धागाकर्ती

छायाचित्रे आमच्याकडेही होती. सगळ्यांत भिंतीपुढे खोक्यांच्या थप्प्या आहेत आणि ओरखड्याच्या जागी आमची धाकटी हात पसरून उभी आहे.

हात पोळलेली

मी सांगते तो अनुभव अस्वच्छतेचा नाही, अतिस्वच्छतेचा आहे. घर रिकामे करून देण्याच्या आदल्या रात्री न्हाणीघरातील नळांवर आणि फरशीवर साचलेले क्षारांचे पांढरे थर काढायचे ठरवले आणि शौचालय स्वच्छ करण्याचे तीव्र आम्लाचे द्रावण सगळीकडे ओतून ठेवले. क्षार गेले, परंतु नळांवरची चकाकी काळवंडली आणि दाराचा संगमरवरी उंबरठा खरबरीत होऊन निस्तेज झाला. क्षारांचा थर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि संगमरवरही त्याचाच बनलेला असतो, त्यामुळे जे आम्ल थर खाते तेच दगडही खाते, हे मला नंतर कळले. थर कदाचित झीज म्हणून सोडून दिले गेले असते. उंबरठ्याला पॉलिश करण्याचा खर्च मात्र माझ्याकडून घेतला गेला आणि तो योग्यच होता. नळांसाठी पाण्यात विरघळवलेले सायट्रिक आम्ल फडक्याने थोडा वेळ लावून धुऊन टाकले असते, तर काम भागले असते. संगमरवरावर मात्र तेही नको, व्हिनेगरही नको.

ही कामे शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नयेत, कारण त्या वेळी माणूस थकलेला असतो आणि बाटलीवरची सूचना वाचत नाही.

भाड्याने घर देणारा

धागाकर्तीने घरमालकांनाही बोलावले म्हणून लिहितो. माझी दोन घरे भाड्याने आहेत आणि मी कापाकापी करणारा म्हणून प्रसिद्ध नसावा अशी आशा आहे.

पहिली वर्षे मी एक चूक सातत्याने केली. भाडेकरू गेल्यावर ‘रंग व डागडुजी’ अशा एकाच नावाखाली एक गोळाबेरीज रक्कम कापत असे. एका भाडेकरूने अत्यंत सभ्य भाषेत पत्र लिहून बाबवार हिशेब आणि पावत्या मागितल्या. रागावूनच मी लिहायला बसलो. प्रत्येक बाबीपुढे आकडा मांडू लागलो, तेव्हा माझीच बेरीज कापलेल्या रकमेच्या निम्म्यावर आली. उरलेले पैसे परत पाठवले. तेव्हापासून पावती किंवा लेखी दर नसेल, तर मी कापत नाही, आणि भाडेकरूंनीही बाबवार यादी मागण्यात संकोच करू नये.

दुसरा मुद्दा झीज आणि नुकसान यांतील फरकाचा. ‘नैसर्गिक झीज वगळता’ असे शब्द बहुतेक भाडेकरारांत असतात, परंतु त्यांचा अर्थ कोणी बसून ठरवत नाही. उन्हाने फिकट झालेला रंग, वावराच्या वाटेवर मंद झालेली फरशी, वापराने सैल पडलेली कडी ही झीज आहे. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे, फुटलेली काच, ओल्या भांड्याखाली फुगलेले लाकूड हे नुकसान आहे. नुकसान झाले तरी संपूर्ण नव्या वस्तूची किंमत मागणे मला पटत नाही. समजा, रंग पाच वर्षे टिकतो असे दोघांनी मानले आणि भाडेकरू तीन वर्षे राहिला, तर त्या रंगाचे आयुष्य दोन पंचमांश उरले होते. भिंत त्याने खराब केली असली तरी रंगाच्या खर्चाचे ४० टक्केच त्याच्याकडे मागता येतात. उरलेले ६० टक्के मला कधी ना कधी करायचेच होते.

आता भाडेकरूंविषयी. शेवटच्या महिन्याचे भाडे न देता ‘अनामतीतून वळते करून घ्या’ असे कळवणे हा माझ्या दृष्टीने वाईट प्रकार आहे. अनामत नुकसानीसाठी असते. ती भाड्यात संपली की खरे नुकसान निघाल्यावर मागायचे कुठून? रक्कम परत मिळणार नाही अशी भीती त्यामागे असते, हे मला समजते, पण करारात तशी सोय नसेल तर थकबाकीदार भाडेकरूच ठरतो आणि पुढच्या वादात त्याची बाजू लंगडी पडते.

माझा एक उपाय चांगला चालला आहे. घर सोडण्याच्या तीनएक आठवडे आधी मी भाडेकरूसह घरभर फिरतो आणि काय खटकते ते तेव्हाच लिहून देतो. मग लहानसहान कामे तो स्वतः, स्वतःच्या माणसाकडून, कमी खर्चात करून घेऊ शकतो. शेवटच्या दिवशी फिरण्यात काही अर्थ नसतो, कारण तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो आणि पैसे कापण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

धागाकर्ती

हे आधी वाचायला हवे होते. आमची एकमेव फेरी टेम्पो खाली उभा असताना झाली.

बांधकामाशी संबंधित

ओल हा वादाचा हमखास विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. एका घरात शयनगृहाच्या बाहेरील भिंतीवर पांढरी भुकटी धरून रंगाचे पोपडे निघू लागले होते आणि भाडेकरूने खिडक्या बंद ठेवल्यामुळे ओल आली, असे घरमालकाचे म्हणणे होते. पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीच्या आतून पाणी पाझरते, त्याबरोबर विटा आणि सिमेंट यांतील क्षार विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच राहतात. ते पाणी बाहेरून, जमिनीतून किंवा भिंतीतील नळातून येते. भाडेकरूच्या खिडकीशी त्याचा संबंध नसतो.

याउलट थंड भिंतीच्या कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे काळे-हिरवट ठिपके दिसतात, ती बुरशी असते. खोलीतील दमट हवा थंड पृष्ठभागावर निवते आणि तिथे बुरशी वाढते. कपडे आत वाळवणे, पंखा न लावणे, खोली कोंडून ठेवणे यांमुळे ती वाढते, हे खरे आहे. परंतु भिंतच मुळात ओलसर असेल, तर तीही त्याला कारण असते. म्हणून डाग कोणता हे आधी ठरवावे आणि मग जबाबदारीवर बोलावे.

मी त्या घरातील भाडेकरूच होतो. मला पूर्ण रक्कम परत मिळाली, पण माझ्या ज्ञानामुळे नव्हे. पहिला पोपडा निघाला त्याच आठवड्यात मी छायाचित्रासह लेखी कळवले होते आणि पुढे दोनदा स्मरणपत्रेही पाठवली होती. गळती वेळेवर कळवली नाही, तर मूळ दोष घराचा असूनही वाढलेल्या नुकसानीचा वाटा भाडेकरूच्या माथी येऊ शकतो.

थोडक्यात लिहिणारी

घरमालकांचा फ्रिज बंद करून, दार घट्ट लावून किल्ली दिली. दहा दिवसांनी तो उघडला तेव्हा आत बुरशी आणि दुर्गंधी होती. बर्फ आदल्या दिवशी वितळवून, आतून कोरडा पुसून, दार किंचित उघडे ठेवायचे असते. कपडे धुण्याच्या यंत्राच्या रबरी कडेचेही तेच.

चौघांतली एक

आम्ही चौघी एकत्र राहत होतो. दोन वर्षांत तिघी बदलल्या. येणारी जाणारीला तिचा हिस्सा परस्पर देत असे आणि घरमालकांच्या कागदावर मात्र पहिल्या दिवशीचीच नावे राहिली. घर सोडताना धनादेश कोणाच्या नावे काढायचा यावर दीड महिना गेला, कारण करारातील एक मुलगी केव्हाच दुसरीकडे निघून गेली होती. शिवाय पहिलीने भिंतीत ड्रिलने पाडलेल्या भोकांचे पैसे चौथीच्या हिश्श्यातून गेले. प्रत्येक बदलाच्या वेळी घरमालकांची लेखी संमती आणि त्या दिवशीची खोलीची अवस्था नोंदवली असती, तर हे टळले असते.

भोकांविषयी जाता जाता : लांबी (पुट्टी) भरून, घासून, तेवढ्यापुरता तोच रंग लावला, तरी जुना रंग फिकट झालेला असल्यामुळे ठिगळ उठून दिसते. रंगवायचेच, तर ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवावी लागते. आमची सहा ठिगळे पाहून घरमालकांनी भोके परवडली असे म्हटले.

सहा घरे बदललेला भाडेकरू

शेवटच्या बिलांविषयी लिहायचे राहिले. वीज-पाण्याचे बिल मागाहून येते, म्हणून घरमालक संपूर्ण अनामत अडकवून ठेवतात. मी निघताना मीटरचे आकडे दोघांच्या सहीने लिहितो, मागील बिलांवरून अंदाज काढून तेवढीच रक्कम मागे ठेवण्याचा प्रस्ताव देतो आणि उरलेली कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे किल्ल्यांच्या पोचपावतीवरच लिहून घेतो. काही ठिकाणी परताव्याची मुदत कायद्यानेच ठरलेली असते. ती आपल्या गावी काय आहे हे आधी पाहून ठेवावे.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. वरील घरमालकांचा प्रतिसाद वाचून आमच्या जुन्या घरमालकांना बाबवार हिशेब मागणारे पत्र लिहिले. त्यांनी दोन बाबी मागे घेतल्या, दाराची रास्त म्हणून कायम ठेवली आणि ओरखड्याचीही ठेवली. त्यावर मी पुढे वाद घातला नाही, कारण दाखवण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

काल नव्या घरी यादी घेऊन गेले. घरमालकीणबाई आधी थोड्या बिचकल्या, मग स्वतःच खोल्या दाखवू लागल्या. माझी स्वयंपाकघराची पाहणी संपल्यावर त्यांनी मला थांबवले, ओट्याखाली वाकल्या आणि म्हणाल्या, “इथला कोपरा उडालाय, तो लिहायचा राहिला तुमचा.”