नानावटी केसमध्ये ‘अचानक प्रक्षोभ’ का नाही धरला?

लॉची_पोरगी: परवा क्रिमिनल लॉचा पेपर आहे. बायकोने स्वतः आहुजाशी संबंध असल्याचं कबूल केल्यावर माणूस भडकणारच ना, मग आहुजाला मारणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीला ३०२ (खुनाच्या शिक्षेचं जुनं कलम) कसं काय लागलं? सदोष मनुष्यवधावर (खुनापेक्षा हलका गुन्हा) का नाही भागलं?

काळा_कोट: अगं भडकला हे कोर्टानेही नाकारलं नाही, भडकून तिथल्या तिथे मारलं का ते बघायचं असतं. याने बायकोपोरांना थिएटरवर सोडलं, मग जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि ६ काडतुसं घेतली, आहुजाला आधी ऑफिसात शोधलं आणि मग फ्लॅट गाठला, यात जवळजवळ ३ तास गेले. डोकं ताळ्यावर यायला एवढा वेळ पुरे, असं सुप्रीम कोर्टाने १९६१ ला धरलं.

बॅकबेंचर: पण ज्युरीने (निकाल देणारं नागरिकांचं मंडळ) ८-१ ने सोडलेलं की!

काळा_कोट: हो, पण सेशन्स जजला ते पटलं नाही, हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप. १९६४ ला माफी मिळाली ती राज्यपालांकडून, निर्दोष म्हणून नव्हे. आणि पेपरात नवीन कलमं टाक, भारतीय न्याय संहितेत (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) खून कलम १०१, त्यातला अपवाद १ म्हणजे तुझा अचानक प्रक्षोभाचा मुद्दा, शिक्षा कलम १०३.

लॉची_पोरगी: थँक्यू दादा, नोट्समध्ये नुसतं ‘फॅक्ट्स फेमस’ लिहिलंय 😅