'दुधाचं वावडं', 'दूध न पचणं' आणि 'निवळी'

प्रश्न
लहान मुलांच्या पालकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात 'मिल्क ॲलर्जी' आणि 'लॅक्टोज इन्टॉलरन्स' असे दोन आजार आहेत. दोन्हींना 'दुधाचं वावडं' म्हटलं तर चालेल का? आणि 'व्हे'ला मराठी शब्द सुचवा. नुसतं 'व्हे प्रोटीन' लिहिलं की लोकांना जिममधला डबा आठवतो.

उत्तर
कृपा करून दोन्हींना एकच शब्द वापरू नका. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज हे पाचक द्रव्य कमी पडलं की पोट फुगतं, जुलाब होतात. याला सरळ 'दुधातली साखर न पचणं' म्हणा. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर उठते: अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, कधी श्वासही कोंडतो. शब्दांची गल्लत झाली की भोगावं लागतं बाळाला. 'दूध पचत नाही' असं ऐकून घरचे गाईच्या दुधाचीच, फक्त लॅक्टोज काढलेली पावडर आणतात, आणि तिच्यात प्रथिनं तशीच असतात.
'वावडं' मलाही आवडतो. पण आपण 'त्याला कामाचं वावडं आहे' असंही म्हणतो, तेव्हा नावड आणि धोका एकाच शब्दात येतात. पत्रकात 'ॲलर्जी'च ठेवा. 'अधिहर्षता' हा ॲलर्जीचा पारिभाषिक शब्द वाचून कुठल्याही आईला काही उमगणार नाही.

आणखी एक उत्तर
व्हेला 'निवळी' आहे की! ताकावर येते ती, चक्का टांगल्यावर फडक्यातून गळते तीही. दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन. दूध नासवलं की ते चोथ्यात जातं. उरलेली २० टक्के निवळीत राहतात. त्यांत सर्वाधिक बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, जे माणसाच्या दुधात तयारच होत नाही.
खरवस आठवा. चिकात निवळीतली प्रथिनं, विशेषतः इम्युनोग्लोब्युलिनं (रोगांशी लढणारी प्रतिपिंडं), इतकी असतात की नुसत्या वाफेवर वडी पडते. साधं दूध कितीही उकळलं तरी तसं थिजत नाही, कारण केसीन उष्णतेला दाद देत नाही. ॲलर्जीतही हेच आडवं येतं. भट्टीच्या आचेनं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची घडी मोडते, म्हणून दूध घालून भाजलेला केक बऱ्याच मुलांना सोसतो. केसीनची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना सहसा सोसत नाही. हे घरी आजमावू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

प्रश्नकर्ती
'निवळी' घेतला! मूळ मजकुरात 'दोषी प्रथिन ओळखणे' असंही आहे. ते ओळखतात कसं?

उत्तर
'ॲलर्जीकारक प्रथिन' लिहा. प्रयोगशाळेत दुधातली प्रथिनं जेलमध्ये विजेच्या प्रवाहानं आकारमानाप्रमाणे वेगळी करतात, पातळ पटलावर उतरवतात आणि त्यावर मुलाच्या रक्तातलं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव) सोडतात. ॲलर्जीची आयजीई प्रतिपिंडं ज्या प्रथिनाला चिकटतात, त्याची पट्टी रंगून दिसते. पुष्कळ मुलांत एकाहून जास्त पट्ट्या उमटतात. या प्रथिनांना आंतरराष्ट्रीय नावंही आहेत: अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन 'बॉस डी ४', बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन 'बॉस डी ५', केसीन 'बॉस डी ८'. 'बॉस' हे गाईच्या शास्त्रीय नावातलं पहिलं पद. पालकांच्या पत्रकात ही नावं नकोत. रक्ततपासणीचा अहवाल समजावताना मात्र उपयोगी पडतील.

पुरवणी
शीर्षक 'गाईच्या दुधाची ॲलर्जी' असेल तर खालीच ठळक लिहा: 'म्हशीचं किंवा शेळीचं दूधही पर्याय म्हणून देऊ नका'. त्यांची प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो.