बायोमेडिकलमध्ये मेकॅनिकलचं काय काम?

'बायोमेडिकल इंजिनिअरिंग (वैद्यकीय उपकरणं घडवण्याचं शास्त्र) म्हणजे मुळात इलेक्ट्रॉनिक्सच, मेकॅनिकलवाल्यांना तिथे फारसं काम नाही' हे मत मला अजिबात पटलं नाही. खुब्याचा कृत्रिम सांधाच घ्या. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या शल्यविशारदांनी आधी सांध्याच्या वाटीसाठी (जिच्यात मांडीच्या हाडाचा गोल फिरतो) टेफ्लॉन वापरलं. ते काही वर्षांतच झिजलं आणि झिजेचे कण भोवतालच्या ऊतींना त्रास देऊ लागले. १९६२ मध्ये त्यांनी अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिएथिलीन वापरलं, तेव्हा कुठे सांधे टिकू लागले. म्हणजे घोडं अडलं होतं घर्षण आणि झिजेपाशी, बेअरिंग शिकताना आपण घोकतो त्याच गोष्टींपाशी! पेसमेकरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स पुढे आहे हे मान्य, पण त्याचं टायटॅनियमचं हवाबंद कवच धातुशास्त्राकडून आलं. मेकॅनिकलला असाल आणि इकडे यायचं असेल, तर ट्रायबॉलॉजी, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगणाचं शास्त्र, मन लावून शिका.